वरच्या भाभींचं नागरिकत्व, पोस्टातून (माझा अनुभव)

आमच्या इंदूरमधल्या लोकमान्यनगरच्या घरात वरच्या दोन खोल्यांमधे आठ वर्षं झाली एक सिंधी कुटुंब भाड्याने राहतंय. नाव लिहीत नाही, मी त्यांना भाभीच म्हणते. २०१३ मधे नवरा-बायको आणि दोन लेकरं पाकिस्तानातून थार एक्सप्रेसने खोखरापार-मुनाबाववरून जोधपूरला उतरली आणि तिथून इंदूर, कारण जयरामपूर कॉलनीत त्यांचे मामेसासरे होते. तेव्हापासून लाँग टर्म व्हिसावर. मी बँकेतून रिटायर झालेली, जन्म फॉर्म भरण्यात गेला, म्हणून २०२४ च्या मार्चमधे सीएएचे (पाकिस्तानसारख्या देशांतून आलेल्या हिंदू वगैरे लोकांना नागरिकत्व देणाऱ्या कायद्याचे) नियम निघाले तशा भाभी कागदांची पिशवी घेऊन सरळ खाली आल्या.

आमचे पहिले दोन महिने फुकट गेले ते मोती तबेल्याच्या, म्हणजे कलेक्टर ऑफिसच्या, चकरांमधे. २०१६ पासून इंदूरच्या कलेक्टरना या लोकांना नागरिकत्व द्यायचा अधिकार होता, त्यांच्या समाजातले कितीतरी लोक त्याच रस्त्याने भारतीय झाले, म्हणून आम्ही पण तिकडेच गेलो. पण नव्या नियमांत अर्ज ऑनलाईन भरायचा आणि कागद तपासायला जी जिल्ह्याची समिती असते तिचा प्रमुख पोस्टाचा सुपरिंटेंडेंट! मला आधी खरंच वाटेना, दोनदा नियम वाचला. हा रस्ता ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांनाच. भाभींचे दीर २०१६ ला आले, त्यांना अजून कलेक्टरचाच रस्ता, म्हणजे पाकिस्तानी पासपोर्ट सोडल्याचा कागद दिल्लीहून आणा वगैरे सगळं आलंच. एका ताटात जेवणारी माणसं आणि दोन वेगळ्या रांगा. आणि माझा भाचा म्हणतो की यात धर्माचा कॉलमच नको होता, मुसलमान का वगळले, तर त्याचं मला खोडून काढता येत नाही, तरी समोर बसलेल्या बाईचा फॉर्म भरायचा नाही असंही मला वाटलं नाही.

कागदांचं नीट सांगते कारण घाबरायला होतं तिथेच. एक कागद तुम्ही त्या देशाचे होता याचा आणि एक ठरलेल्या तारखेआधी इथे आलात याचा. भाभींचा जुना पासपोर्ट कधीच संपलेला, त्या म्हणत होत्या याची काय किंमत आता, पण मुदत संपलेला पण चालतो, हे खूप जणांना माहीत नाही. त्यात शिक्क्याचं पान एका पावसाळ्यात भिजून पुसट झालेलं (आमचंच छत गळत होतं, मला फार वाईट वाटलं). मग त्यांच्याच ट्रंकेतून विदेशी नोंदणी कार्यालयाचं जुनं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट निघालं, तेही यादीत आहे, जीव भांड्यात पडला. समाजाच्या संस्थेचं एक प्रमाणपत्र लागतं, ते मिळालं. ऑनलाईन भरताना दुकानातल्या मुलाने सासऱ्यांच्या नावाचं स्पेलिंग व्हिसापेक्षा वेगळं टाकलं होतं, त्यात परत पंधरा दिवस. सबमिट करायच्या आधी एकेक अक्षर पासपोर्टशी लावून बघा, स्वतः बघा.

भाषेची एक अट आहे, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा यायला पाहिजे. भाभी रडवेल्या झाल्या, हिंदी बोलतात पण लिहिता येत नाही, सिंधी लिहितात ती अरबी लिपीत. मी म्हणलं अहो सिंधी १९६७ पासून त्या यादीत आहे! तुमची भाषा इथलीच आहे. त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. त्यानंतर स्वतःहूनच रोज संध्याकाळी माझ्याकडे बाराखडी गिरवायला बसायला लागल्या, म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं.

सगळ्यात वाईट दिवस २०२५ चे एप्रिलचे. पहलगामचा हल्ला झाला, पाकिस्तानी लोकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द म्हणून बातम्या, आणि रात्री साडेअकराला भाभी दारात. "आंटी, हमको निकाल देंगे क्या?" मुलगी मागे उभी, तिचे पेपर चालू होते. हिंदूंचे लाँग टर्म व्हिसा चालू राहणार असा खुलासा आला तो मी तिला मोठ्याने चार वेळा वाचून दाखवला, तरी त्या दोघी आमच्याच हॉलमधे झोपल्या.

पोस्टात बोलावलं त्या दिवशी मी बरोबर गेले. ओरिजिनल तपासले, शपथ घेतली, दहा मिनिटं. पुढे फाईल राज्याच्या समितीकडे गेली आणि पावसाळा संपता संपता सर्टिफिकेट आलं. कायद्यात असं आहे की नागरिकत्व भारतात आल्या दिवसापासून धरतात, म्हणजे २०१३ पासून. भाभींच्या नवऱ्याने ते मला तीनदा विचारलं, मग वहीत लिहून घेतलं.

आता मतदार यादीचा फॉर्म ६ भरायचाय. या वेळेला मी फक्त शेजारी बसणार आहे, नाव त्या स्वतः देवनागरीत लिहिणार म्हणतायत.