बदकं, पालक आणि जाळीची खालची कड

बदकं पाळली म्हटलं की लोक पहिले विचारतात अंडी किती देतात, आणि घरी येऊन मागचं अंगण पाहिलं की विचारतात, मग भाजी कशी टिकते बुवा? अंड्यांचं सोपं आहे, आमच्याकडे खाकी कॅम्पबेल आहेत, पुस्तकात ही जात वर्षाला 300 पर्यंत अंडी देते असं लिहिलेलं असतं, घरच्या अंगणात तेवढी नाही मिळत पण कुरकुर करण्यासारखीही नाहीत. भाजीचं उत्तर म्हणजे कुंपण. आणि कुंपण म्हटलं की जो येतो तो उंची सांगतो, पाच फूट घ्या, सहा फूट घ्या.

हा सगळा कोंबडीचा हिशोब आहे. कोंबडी उडून जाळीवर बसते आणि आत उतरून पायाने उकरते. खाकी कॅम्पबेल, पेकिन, इंडियन रनर यांचं उडणं यथातथाच, दोन-अडीच फूट जाळी त्यांना भिंतच वाटते. मस्कोवी पाळत असाल तर मात्र गोष्ट वेगळी, ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, झाडावर बसणारी जात, मादी अंगाने हलकी, मस्त उडते. तिच्या एकाच पंखाची मोठी पिसं कापतात म्हणजे तोल जाऊन उडता येत नाही, पण पिसं गळून नवी आली की परत कात्री काढा.

आता बदकं नुकसान नेमकं कसं करतात ते पाहा. वाफ्याला पाणी सोडलं की पाच मिनिटांत हजर, चोच चिखलात पार डोळ्यांपर्यंत खुपसायची आणि खटखटखट करत गाळ चाळायचा, गांडूळ मिळो की अळी, आणि तिथे नुकतीच मेथी पेरली असेल तर तीही गेली समजा. वरून ते पसरट पाय, ज्या रोपावर पडले ते जमीनदोस्त. पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, पत्ताकोबीची कोवळी रोपं, यावर तर जीव. वांग्या-मिरचीच्या मोठ्या झाडाला आमची सहसा तोंड लावत नाहीत, पण खाली लटकलेलं लाल भेदरं, म्हणजे टोमॅटो, दिसलं की संपलं.

म्हणजे बदक येतं ते खालून. आणि आपल्या नागपूरची काळी माती नेमकी खालीच दगा देते. मे महिन्यात भेगा अशा पडतात की हात जातो आत, आणि जुलैत तीच माती फुगते, खांब एकीकडे कलतात, जाळीची खालची कड उचलली जाते. तेवढी फट बदकाला पुरे. आधी मान घालते, मग छातीने ढकलते, आणि एक गेलं की बाकीची रांगेत तयारच असतात. जाळी जमिनीत गाडून ठेवली तरी या मातीत भरवसा नाही. त्यापेक्षा खालची एक वीत जाळी बदकांच्या बाजूला जमिनीवर आडवी वाकवायची आणि त्यावर विटांचे तुकडे ठेवून द्यायचे, माती हलली की विटा फक्त सरकवायच्या. खालचा फूटभर बारीक छिद्राची चिकन जाळी हवी नाहीतर पिल्लं आरपार निघतात, वर साधी चेनलिंक चालते. ग्रीन नेट स्वस्त पडते पण उन्हाळ्यातल्या वादळात शिडासारखी फुगते आणि बांबू घेऊन जाते. आणि नायलॉनची मासे पकडायची जाळी तर लावूच नका, मान आणि पाय अडकतात.

इतवारीच्या बाजारातून जाळी आणली तेव्हा बाबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "एवढ्याशा बदकाले एवढी जाळी कायले वं?" पण कामाची गोष्ट त्यांनीच केली. जाळी कापली, बांधली की तारेचे बारीक तुकडे खाली पडतात, बदकांना चमकणारं काहीही गिळायची सवय, आणि गॅल्वनाइज्ड तारेतलं जस्त पोटात गेलं तर विषबाधा होते. बाबांनी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधलं आणि सगळ्या अंगणात ओढत फिरले. तुकड्यांची दाढी आली त्याला!

बुटक्या कुंपणाचा एक फायदा कोणी सांगत नाही, तो म्हणजे फाटक लागत नाही, पाय टाकून आत जाता येतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून आम्ही फाटक ठेवलं, आणि त्याच्याखाली एक आडवी फळी ठोकली, नाहीतर फाटकाखालची फट हाच बदकांचा राजमार्ग.

बरं, कायम बाहेरच ठेवायची असंही नाही. पावसाळ्यात गोगलगायी सुटतात तेव्हा मोठ्या झालेल्या वांग्यांत संध्याकाळी थोडा वेळ सोडून द्यायची, कुठलंही औषध एवढं मनापासून काम करून नाही राहिलं. जपानमध्ये भाताच्या बांधीत मुद्दाम बदकं सोडतात, तण आणि किडे खाऊन टाकतात, पण तिथेही भोवती जाळी असतेच आणि लोंब्या धरल्या की बदकांना बाहेर काढतात, नाहीतर भात कोण खाणार ते उघडच आहे.

पाण्याचा टब वाफ्यांपासून लांब, कडुनिंबाखाली ठेवलाय. 45 डिग्रीत ती तिथून हलतच नाहीत, त्यामुळे निम्मं कुंपण तो टबच सांभाळतो. रोजचं घाण पाणी खत म्हणून चांगलं, फक्त वांग्याच्या बुडाशी घालायचं, पालकाच्या पानांवर नाही.