तुर्कानाच्या काठावर

लोयांगलानी गावाला पोचेपर्यंत हाडं खिळखिळी झाली होती. काळ्या दगडांच्या उतारावरून तुर्काना सरोवर दिसलं आणि खरंच, पाणी हिरवं! ते शेवाळामुळे. केनियाच्या उत्तरेतल्या या वाळवंटी सरोवरातून पाणी बाहेर जायला वाटच नाही, म्हणून ते मचूळ. काठावरचे मासेमार एल मोलो लोक तेच पितात. फ्लोराइडनं बऱ्याच जणांचे दात तपकिरी झालेत.

वारा तर विचारू नका. उगाच नाही जवळच ३६५ पवनचक्क्या उभ्या केल्या! वारा पडेपर्यंत होड्या काठावरच. पूर्वी डूम ताडाचे ओंडके बांधून तराफे करत, हातात भाला, आता जाळी. तिलापिया चिरून, उन्हात वाळवून विकायचा. वाळत्या माशांचा वास कपड्यांतून जाता जात नाही. नाइल पर्च मोठा मासा, मला मात्र तिलापियाच आवडला.

सरोवराचं बहुतेक पाणी इथिओपियातल्या ओमो नदीचं. तिच्यावर गिबे-३ धरण झालं तेव्हा सरोवर आटेल अशी भीती होती. उलट गेल्या काही वर्षांत पावसानं पाणी चढलं. एल मोलोंची घरं बुडाली, पूर्वजांची थडगीसुद्धा. कोमोते गावाचं तर बेटच झालं. तिथली मुलं शाळेला होडीनं जातात, आणि पाण्यात मगरी आहेत.