थॉमसनचं डिपिंग : माझा अनुभव

थॉमसन ही बिनबियांच्या द्राक्षाची जात. तिच्या मण्यात बी धरतं, पण कोवळेपणीच जिरतं. एजीएल11 या जनुकातल्या बदलामुळे बियांचं कवच नीट बनत नाही. मण्याला जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक पुरवणारं बीच नसल्याने मणी बारीक राहतो, म्हणून जीए (जिबरेलिक अॅसिड) बाहेरून द्यावं लागतं. त्याच्या द्रावणात घड बुडवणं म्हणजे डिपिंग.

दिंडोरीकडच्या आमच्या बागेत ऑक्टोबर छाटणीनंतर घड पोपटी झाला की जीएची 10 पीपीएमची (लिटरला 10 मिलिग्रॅम) फवारणी, चार-पाच दिवसांनी 15 ची. घडाचा दांडा लांबतो, पाकळ्या (घडाच्या बाजूच्या फांद्या) सुटतात, मणी विरळ करायची मजुरी वाचते. पोंग्यात (डोळा फुटताना) मात्र जीएची बाटली घरातच बरी. बाळी (वेलीचा आधाराला गुंडाळणारा ताणा) आणि घड एकाच प्रकारच्या अंकुरातून निघतात. जिबरेलिन वाढलं की अंकुर बाळीकडे झुकतो, सायटोकायनिन हे दुसरं संप्रेरक वाढलं की घडाकडे. पिनो मुनिए जातीपासून मिळालेल्या एका बुटक्या वेलीत जिबरेलिनचा निरोपच लागू पडत नाही; तिथे बाळीच्या जागी घड लागतात, हे 2002 साली प्रसिद्ध झालं. आपल्याकडे छाटणीनंतर ढगाळ हवा आणि मुळाशी पाणी साचलं की उलटं होतं, घडाच्या जागी बाळी निघते आणि घड जिरल्याची ओरड सुरू होते.

पहिल्या, 40 पीपीएमच्या डिपिंगला मणी 3 ते 4 मिमी हवा. अंदाज नको, व्हर्नियर (जाडी मोजायची पट्टी) लावा. फुलोऱ्यातच 40 पीपीएम दिलं तर गळ बेसुमार होते आणि शॉट बेरी (न वाढलेले बारीक मणी) राहतात.

20 लिटरला 40 पीपीएम म्हणजे 800 मिलिग्रॅम जीए. पावडर 90 टक्के शुद्ध असेल तर साधारण 890 मिलिग्रॅम. पावडर थेट पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवायची. त्याही आधी पाण्याचा सामू (पीएच) पाहायचा. आमच्या बोअरचं पाणी विम्लधर्मी आहे, त्यात जीए टिकत नाही. सायट्रिक अॅसिडने सामू 6 च्या आसपास आणून मगच जीए ओततो. सोबतचं सीपीपीयू (सायटोकायनिनसारखं काम करणारं, मणी फुगवणारं रसायन) 0.1 टक्क्याचं असेल तर लिटरला 1 मिली म्हणजे 1 पीपीएम. द्रावण लागेल तेवढंच, त्याच दिवशी संपेल असं.

द्रावणाने भरलेला मग (पेला) घडाच्या खालून वर चढवायचा, खांद्याच्या पाकळ्या बुडल्या पाहिजेत. काढल्यावर घड हलकेच झटकायचा. इथेच मजूर कंटाळा करतात. शेंड्याला थेंब लोंबत राहिला की द्रावण तिथेच आटतं, त्या मण्यांवर डाग पडतो आणि घडाची फुगवण वरखाली होते. दव वाळल्यावर सुरुवात करून ऊन चढायच्या आत थांबायचं. निफाडकडची डिसेंबरची थंडी असेल तर शोषण मंदावतं. अशा दिवशी मी डिपिंग पुढे ढकलतो.

6 ते 7 मिमीला दुसरं डिपिंग 30 पीपीएमचं. सीपीपीयू मी 2 पीपीएमच्या वर नेत नाही. मणी फुगतो खरा, पण साल जाड होते, गोडी उशिरा उतरते आणि व्यापारी ब्रिक्स (रसातली साखर) मोजून माल तसाच वेलीवर ठेवायला सांगतो.