वजनाचा हिशेब : लहान कॅराव्हॅन बाळगण्याचा माझा अनुभव

कॅराव्हॅन म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर स्वतःच्या इंजिनावर चालणारी, बसएवढी गाडी येते. मी घेतली ती तशी नाही. बोलेरोच्या मागे हुकला अडकवून ओढायची, एका ॲक्सलची, आत दोन माणसे झोपतील आणि मागचे झाकण उचलून उभ्याने स्वयंपाक करता येईल, एवढीच ती खोली आहे. पुण्यातील एका गृहस्थांकडून मी ती वापरलेली घेतली. नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सांगाडा उत्तम बांधून देणारे कारागीर आहेत आणि तसे करून घ्यावे असा सल्लाही मिळाला होता. परंतु ट्रेलर रस्त्यावर आणायचा तर त्याची नोंदणी व्हावी लागते आणि त्यासाठी त्या नमुन्याला एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेची मान्यता असावी लागते. आधीच नोंदणी झालेला ट्रेलर घेतल्याने तो प्रश्न मुळातच उद्भवला नाही. त्याच्या नोंदणी पुस्तिकेत रिकामे वजन ५२० किलो आणि भरलेले कमाल वजन ७५० किलो असे दोन आकडे होते. म्हणजे सामानासाठी शिल्लक २३० किलो. पुढचा सगळा व्यवहार या २३० किलोंभोवतीच फिरला.

कागदपत्रांचे काम आधी उरकले. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच असल्याने त्याची मालकी गाडीसारखीच हस्तांतरित करावी लागते. विकणाऱ्यांनी पुण्याच्या परिवहन कार्यालयातून नमुना २८ मधील ना हरकत प्रमाणपत्र घेतले, २९ आणि ३० क्रमांकाच्या नमुन्यांवर सह्या झाल्या, चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा जोडला आणि कागद नाशिकच्या पेठ रोडवरील परिवहन कार्यालयात दाखल केले. मदतीला घेतलेल्या एजंटाने यादी वाचताना सवयीने पीयूसीही मागितली. इंजिनच नसलेल्या वाहनाचा धूर कोठून तपासायचा, हे त्याच्याच लक्षात आले आणि तो हसला. राज्यातल्या राज्यात बदली असल्याने पुण्याचा क्रमांक कायम राहिला. विमा मात्र ट्रेलरच्या नावे घेतला आणि बोलेरोच्या विमा कंपनीलाही आपण ट्रेलर ओढणार असल्याचे लेखी कळवले. कायद्याच्या ६१ व्या कलमानुसार ट्रेलरचा स्वतःचा क्रमांक त्याच्या बाजूवर असावा लागतो आणि पाठीमागे ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक दिसावा लागतो. ही तरतूद फारशी कोणाला माहीत नसल्याने नाक्यावर दोन वेगळे क्रमांक पाहून हमखास विचारणा होते. म्हणून त्या कलमाची छापील प्रत मी नोंदणी पुस्तिकेसोबतच ठेवतो.

हुक बसवण्याचे काम ज्याच्या त्याच्याकडून करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बोलेरोला स्वतंत्र लॅडर फ्रेम, म्हणजे शिडीसारखा लोखंडी सांगाडा, असल्याने हुकचा आडवा दांडा थेट फ्रेमला बोल्टने जोडता आला. नुसत्या बंपरला किंवा पत्र्याला जोडलेला हुक शोभेपुरताच असतो. हुकचा गोळा ५० मिलिमीटरचा आहे, त्याखाली दोन सुरक्षा साखळ्या एकमेकींना छेद देऊन अडकवायच्या असतात, म्हणजे जोड सुटलाच तर ट्रेलरचे नाक, म्हणजे हुकला अडकणारे पुढचे टोक, साखळ्यांच्या झोळीत पडते आणि रस्त्यात रुतत नाही. दिव्यांसाठी सात पिनांचा सॉकेट आहे. त्यात पहिली पिन डाव्या इंडिकेटरची, चौथी उजव्या, सहावी ब्रेकच्या दिव्याची आणि तिसरी अर्थिंगची. एक इंडिकेटर लावला की मागचे सगळेच दिवे मंद लुकलुकू लागले, तर दोष बहुधा या तिसऱ्या पिनेच्या पांढऱ्या तारेत असतो. मुंबई नाक्याजवळच्या ज्या इलेक्ट्रिशियनने हे वायरिंग केले, त्याने गाडीच्या मूळ तारा न कापता रिलेवर वेगळी तार ओढली आणि बॅटरीलगत फ्यूज घातला. त्यासाठी थोडे जास्त पैसे गेले, ते योग्यच गेले.

त्यानंतर सगळे सामान भरून ट्रेलर पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एका भुईकाट्यावर नेला. कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगेत आमची पांढरी पेटी उभी राहिली तेव्हा तिच्याभोवती जमलेल्या मंडळींना तिचे वजन किती भरते यापेक्षा आत पंखा आहे की नाही, यातच अधिक रस होता. सुटा ट्रेलर ७१० किलो भरला, म्हणजे मर्यादेच्या आतच होता, परंतु काट्यावरच्या वयस्क गृहस्थांनी ट्रेलरचा पुढचा दांडा हाताने सहज वर उचलून पाहिला आणि म्हणाले, “साहेब, गाडी उलाळ आहे. मागं भार झालाय.” त्यांचे निदान अचूक होते. मोठा भुईकाटा दहा-दहा किलोंच्या टप्प्याने पुढे सरकत असल्याने हुकवरचा भार मोजण्यास तो पुरेसा नाही. घरी आल्यावर बाथरूममधील वजनकाट्यावर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर ट्रेलरचे नाक टेकवले, तर केवळ ३५ किलो भरले, म्हणजे एकूण वजनाच्या पाच टक्के. लहान ट्रेलरसाठी हा भार दहा टक्क्यांच्या आसपास असावा, हा अमेरिकेत सर्वमान्य असलेला नियम मी प्रमाण मानतो. नाक हलके राहिले की वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि ते झुलणे गाडीलाही खेचते.

उपाय तरफेच्या नियमाचाच होता. आधीच्या बांधणीत स्टेपनी मागच्या भिंतीवर आणि पाण्याची ६० लिटरची टाकी ॲक्सलच्या मागे होती. स्टेपनीचे वजन जेमतेम १४ किलो, पण ती ॲक्सलमागील सुमारे पावणेदोन मीटरवरून पुढच्या दांड्यावर, ॲक्सलपुढे दीड मीटरवर आणली की हुकवरचा भार सुमारे १७ किलोंनी वाढतो. टाकी उचलून ॲक्सलच्या किंचित पुढे घेतली, तेव्हा उरलेले वीस किलो मिळाले आणि नाक ७२ किलोंवर स्थिरावले. एकही वस्तू कमी न करता, केवळ जागा बदलून हे साधले. जड वस्तू खाली आणि ॲक्सलजवळ, हलक्या वस्तू वर आणि टोकांना, ही शिस्त आता माझ्या पत्नीने अधिक काटेकोरपणे अंगीकारली आहे. कांदे-बटाट्यांची पिशवी कोठे ठेवायची यावरही तिचे म्हणणे असते आणि ते ऐकावे लागते.

विजेचा निर्णयही अखेर वजनानेच ठरला. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी पन्नास किलोंहून अधिक भरते आणि अशी लेड-ॲसिड बॅटरी दीर्घकाळ टिकवायची तर तिची निम्मीच वीज वापरावी लागते. त्याऐवजी लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-अवरची बॅटरी घेतली. ती बारा किलोंच्या आसपास आहे आणि १२.८ व्होल्टला १,२८० वॉट-अवर साठवते. बारा व्होल्टचा लहान कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला सुमारे ५०० वॉट-अवर घेतो, २० वॉटचा पंखा रात्रभरात १६०, दिवे पन्नास. म्हणजे ढगाळ दिवसालाही दीड दिवस निघतो, आणि छतावरचे २०० वॉटचे सौर पॅनेल हिवाळ्यातील स्वच्छ उन्हात जवळपास एका दिवसाच्या खर्चाइतकी वीज परत भरते. एसीचा आग्रह धरणारे मित्र होते. एक किलोवॉटचा एसी ही बॅटरी सव्वा तासात संपवील, हे गणित दाखवल्यावर चर्चा थांबली.

पाणी भरताना एक लिटर म्हणजे एक किलो, हे विसरून चालत नाही. जेथे मुक्कामी पाणी मिळते तेथे टाकी निम्मीच भरून निघतो. मात्र टाकी अर्धी असली की पाणी हिंदकळते, म्हणून आत आडवे पडदे असलेली टाकी घ्यावी. हंगामाच्या सुरुवातीला टाकीत चार टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण ७५ मिलिलिटर घालतो, ती काठोकाठ भरतो, प्रत्येक नळातून क्लोरिनचा वास येईपर्यंत पाणी सोडतो आणि रात्रभर तसेच ठेवून सकाळी दोनदा धुतो. शौचासाठी सुटे पेटीचे शौचालय आहे, ते घरी येऊन रिकामे करतो.

गॅससाठी पाच किलोंचा छोटा सिलिंडर पुरेसा होतो. तो खोलीत नव्हे, तर बाहेरच्या बंद पेटीत उभा असतो आणि त्या पेटीच्या तळाला मुद्दाम भोके ठेवली आहेत. एलपीजी हवेपेक्षा जड असतो; गळती झाली तर तो खालीच साचतो आणि त्याला बाहेर पडायला खालूनच वाट हवी. प्रवासात सिलिंडरचा नॉब बंद असतो, जोड बदलला की साबणाच्या फेसाने तपासतो, आणि थंडी कितीही असली तरी आत शेगडी पेटवत नाही. डिसेंबरात निफाडकडे पारा फारच खाली उतरतो आणि हा मोह तेव्हाच होतो. परंतु बंद खोलीत कोळसा किंवा गॅस जळू लागला की कार्बन मोनॉक्साइडचा वासही येत नाही. त्याच थंडीत दोन माणसांच्या श्वासाने भिंतींना आतून पाणी सुटते, म्हणून छताची खिडकी रात्री बोटभर उघडी असते.

रिव्हर्सचा सराव तपोवनाकडील मोकळ्या पटांगणावर केला. स्टिअरिंग तळाशी धरावे आणि ट्रेलरचे मागचे टोक ज्या बाजूला न्यायचे त्या बाजूला हात सरकवावा, ही युक्ती कळली की निम्मे काम होते. उरलेले निम्मे म्हणजे थांबून, उतरून, मागे जाऊन पाहण्याची लाज न बाळगणे. रस्त्यावर मी साठच्या पुढे जात नाही, कारण या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत आणि सगळा भार बोलेरोलाच थोपवावा लागतो. घोटीहून भंडारदऱ्याकडे जाताना उतारावर चढणीचाच गिअर ठेवतो. कधी मागून मोठा ट्रक गेला आणि ट्रेलर झुललाच, तर ब्रेक न मारता आणि स्टिअरिंग न फिरवता फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा. भंडारदऱ्याचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे तेथे वाटेल तिथे मुक्काम टाकता येत नाही. गावकऱ्यांनी चालवलेल्या तळांवर आम्ही उतरतो. दिंडोरीकडे ओळखीच्या द्राक्षबागायतदारांच्या शेतातील खळ्यावरही जागा मिळते.

देखभालीत सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे चाकांची बेअरिंग. वर्षातून एकदा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडून, जुने ग्रीस धुऊन, बेअरिंग पाहून नवे ग्रीस भरून घेतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दुरुस्त करणारा कोणताही चांगला मिस्त्री हे नीट करतो. मुक्कामाच्या वाटेवर पहिल्या थांब्यावर हबला हात लावून पाहतो, एक हब दुसऱ्यापेक्षा फार गरम असेल तर पुढे जात नाही. चाकाचे नट बसवल्यावर पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळावे लागतात. टायर मात्र झिजण्याआधी वयाने निकामी होतात. त्यावरील चार अंकांत आठवडा आणि वर्ष असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचे टायर, नक्षी कितीही शाबूत दिसली तरी, मी ट्रेलरला ठेवत नाही.

खरी परीक्षा पावसाळ्याची असते. मे महिन्यात छतावर चढून प्रत्येक सांधा, खिडकीची चौकट आणि पॅनेलच्या पायांची भोके नखाने दाबून पाहतो. फटीत सिलिकॉन भरून मोकळे होण्याची पद्धत इथे सर्रास आहे, पण जुन्या सिलिकॉनवर दुसरे काहीच धड चिकटत नाही आणि पुढच्या वर्षी सगळे खरवडावे लागते. म्हणून चौकटीखाली ब्युटाइल टेप आणि वरून छतासाठीचे सीलंट वापरतो. पाणी एकदा प्लायवूडमध्ये शिरले की भिंत बाहेरून चांगली दिसते आणि आतून कुजत जाते. जून ते सप्टेंबर ट्रेलर पत्र्याच्या शेडखाली नाक थोडे उंच ठेवून उभा असतो. प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळत नाही, कारण तिच्याखाली ओल कोंडते. लिथियम बॅटरी निम्म्याहून किंचित अधिक भरून सोडवून ठेवतो, चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावतो आणि गॅसपेटीच्या तळाच्या भोकांवर बारीक जाळी बसवतो, कारण गांधीलमाश्यांना घर करायला ती जागा फार आवडते. गणपतीनंतर दार उघडून कोपऱ्यांतील प्लायवूड बोटाने दाबून पाहायचे आणि ते कोरडे असेल तर दिवाळीपूर्वी हब उघडायला मिस्त्रीकडे न्यायचे, असा आमचा क्रम ठरलेला आहे.