मिरचीचा ठसका

१८ जानेवारी, सोलापूर

काल गड्ड्याच्या जत्रेवरून परतताना बाळाचा ताप विचारावा म्हणून खालच्या मजल्यावर डोकावले, तेव्हा तिथल्या सुनबाईने गाउनवरच्या ओढणीचे टोक ओढून बाळाचे तोंड झाकले. एवढेच घडले. तिने चहाचे विचारले, मी ‘आत्ता नको’ म्हणाले, आणि परवाच्या घुटीचा विषय आम्हा दोघींपैकी कोणीच काढला नाही. मी जिन्याकडे वळले आणि मागे तव्यावर मीठ-मिरच्या तडतडल्या.

घुटी उगाळताना वेखंडाचा वेढा मी एकच दिला होता, हे मला पक्के आठवते. तरीही रात्रभर मी तो मोजत होते.

झोप लागेना, म्हणून ग्रहांच्या गतीचे नियम मांडणाऱ्या योहानेस केप्लरच्या आईची हकिगत पुन्हा वाचली. कॅथरिनाबाई जर्मनीतल्या लिओनबर्गच्या. नवरा लढाईवर गेला तो परतलाच नाही, आणि बाई लोकांना झाडपाल्याची औषधे देत असत. १६१५ मध्ये गावातल्या उर्सुला राइनबोल्डने आळ घेतला, की यांनी पाजलेल्या पेयामुळेच आपले दुखणे सुरू झाले. सुमारे तीन शतकांत युरोपात ४०,००० हून अधिक माणसे चेटकाच्या आरोपावरून मारली गेली, त्यांत बहुतेक बायका. तेव्हा हा आळ म्हणजे नुसती चावडीवरची कुजबुज नव्हती. १६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या या बाईला साखळदंडांत घालून १४ महिने कोठडीत ठेवले. तिच्या डोळ्यांना पाणी येत नाही, हेदेखील तिच्याविरुद्ध धरले गेले. त्यावर ती म्हणाली, की आयुष्यात इतके रडले आहे की आता आसवेच उरलेली नाहीत. छळाची हत्यारे समोर मांडली तरी तिने कबुली दिली नाही. मुलाने तिच्या बचावासाठी जिवाचे रान केले, तेव्हा कुठे १६२१ मध्ये ती सुटली आणि पुढच्याच वर्षी गेली.

हे वाचताना मला स्वतःचीच फार कीव आली, हे लिहून ठेवायला हवे. आमचे चिरंजीव पुण्याहून फोनवर म्हणाले, “आई, तू कशाला जातेस दुसऱ्यांच्या घुट्या उगाळायला?” केप्लरच्या मानाने हा बचाव बराच आटोपशीर झाला.

खरे तर मला कोणी काही म्हटलेले नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याचे जगणे नकोसे करणे हा गुन्हा आहे, पण ओढणीचे टोक कोणत्या कलमात बसवायचे? आणि मी तरी कोणत्या तोंडाने तक्रार करू? साखर पेठेतल्या वाड्यात अक्का चौकात आल्या की मीही मुलाचे टोपडे डोळ्यांपर्यंत ओढत असे. अक्कांचे ते हसणे... असो.

एकच वेढा होता.

दृष्ट खरोखर लागलेली असेल तर जळत्या मिरचीचा ठसका लागत नाही, असे सासूबाई छातीठोकपणे सांगत. काल दुसऱ्याच पायरीवर मला असा सडकून ठसका लागला की डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले आणि कठडा धरून उभे राहावे लागले. म्हणजे त्यांच्याच शास्त्राप्रमाणे मी निर्दोष सुटले. हा निकाल सुनबाईला उमगला की नाही कोण जाणे. खालून तिच्याही खोकल्याचा आवाज येत होता, एवढे खरे.