तुम्ही विचारलंत म्हणून: प्रूफ आहे तर हॅक होतंच कसं?

मी फॉर्मल व्हेरिफिकेशनमध्ये (सिस्टिम बरोबर चालते हे गणिताने सिद्ध करणं) रिसर्च करतो असं सांगितलं की पहिला प्रश्न फेसबुकचा पासवर्ड काढून देता का, आणि त्याला नाही म्हटलं की दुसरा, जो जरा बरा आहे. 'तुम्ही लोक गणिताने सिद्ध करता ना सिस्टिम सेफ आहे म्हणून, मग हॅक होतंच कसं?' परवा एका लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्यानेही विचारलं, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकू.

१९७८ साली नीडहॅम आणि श्रोडर यांनी एक प्रोटोकॉल दिला. प्रोटोकॉल म्हंजे दोन कॉम्प्युटरनी नेटवर्कवर एकमेकांची ओळख कशी पटवायची याची ठरलेली बोलणी. समजा सुमन आणि बाळू. सुमन एक नवाकोरा रँडम आकडा काढते, त्याच्यासोबत आपलं नाव लिहिते आणि बाळूच्या कुलपात घालून पाठवते (कुलूप म्हणजे पब्लिक की, लावता कुणालाही येतं, उघडतं फक्त बाळूला). बाळू तो आकडा आणि स्वतःचा एक आकडा सुमनच्या कुलपात घालून परत पाठवतो. सुमन बाळूचा आकडा बाळूच्या कुलपात घालून त्याला देते. झालं. तीन मेसेज, पोस्टकार्डावर मावतील.

आता सुमन एकदा बंड्याशी बोलायला जाते, आपणहून. बंड्या सिस्टिममधलाच मेंबर, त्याचंही रीतसर कुलूप आहे, फक्त माणूस लबाड. तो सुमनचा मेसेज उघडतो आणि तोच बाळूच्या कुलपात घालून बाळूकडे सरकवतो. बाळूला वाटतं सुमन आली, तो उत्तर सुमनच्या कुलपात घालून देतो. बंड्याला ते उघडत नाही, पण उघडायचंय कुणाला, तो जसंच्या तसं सुमनकडे ढकलतो, सुमनला वाटतं हे बंड्याचंच उत्तर, ती उघडते आणि आतला बाळूचा आकडा इमानेइतबारे बंड्याच्या कुलपात घालून बंड्याला देऊन टाकते. तो आकडा बाळूला परत दिला की बंड्या बाळूसमोर सुमन म्हणून उभा.

एकही कुलूप फोडलं नाही बघा. हे गॅव्हिन लो यांच्या लक्षात आलं १९९५ ला, म्हणजे १७ वर्षांनी! आणि दुरुस्ती केवढी, तर दुसऱ्या मेसेजमध्ये बाळूने आपलं नाव टाकायचं. बस्स. आणि मधल्या काळात हा प्रोटोकॉल तपासून झालेला होता, १९८९ च्या बॅन लॉजिकमध्ये (प्रोटोकॉल तपासायची एक तर्कपद्धत), ज्याच्या तीन लेखकांत नीडहॅम स्वतः होते. तो तपास चुकीचा नव्हता हो. त्यात गृहीत धरलेलं होतं की बोलणारे सगळे सज्जन, चोर असलाच तर बाहेरचा. बंड्या त्या गणितात कुठे नव्हताच.

वायफायचंही तसंच झालं. डब्ल्यूपीए२ म्हणजे वायफायचं सुरक्षेचं स्टँडर्ड, त्याच्या हँडशेकचं (फोन आणि राउटरची सुरुवातीची बोलणी, ज्यात की म्हणजे गुप्त किल्ली ठरते) प्रूफ होतं, चोराला ही की मिळणार नाही असं. २०१७ मध्ये क्रॅक नावाचा अटॅक आला आणि त्यातही चोराला की मिळत नाही! तो फक्त तिसरा मेसेज पुन्हा पोचवतो, तुमचा फोन तीच की परत बसवतो आणि डेटाच्या पाकिटांचा नंबर पुन्हा सुरुवातीपासून मोजायला लागतो, तिथे एन्क्रिप्शनची वाट लागते. की बसवायची कधी आणि कितीदा, हे प्रूफला कुणी विचारलंच नव्हतं.

मग सगळं विचारून घ्या की, असं म्हणाल. घेतात. एसईएलफोर नावाचा ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल (म्हणजे तिचा गाभा) आहे, सी भाषेतल्या जेमतेम ८,७०० ओळी, २००९ मध्ये त्याचं प्रूफ पूर्ण झालं, त्याला सगळं धरून साधारण २० माणूसवर्षं लागली. तुमच्या बँकेच्या ॲपला कोण देणार एवढा वेळ.

आणि माझी स्वतःची फजिती सांगतो. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एक प्रोटोकॉल टॅमरिन नावाच्या, प्रोटोकॉल आपोआप तपासणाऱ्या टूलमध्ये लिहिला, रात्री रन केला आणि तीन सेकंदात हिरवं! सिक्रेट बाहेर जाऊच शकत नाही म्हणे. मी खूश, गाईडना लगेच मेल. त्यांचं सकाळी एका ओळीत उत्तर, 'प्रोटोकॉल चालतो का पण?' बघतो तर एका रूलमध्ये मी व्हेरिएबलचं नाव चुकवलेलं, त्यामुळे दुसरा मेसेज कधी स्वीकारलाच जात नव्हता, म्हणजे सिक्रेट कुणाकडे पोचतच नव्हतं, तर फुटणार कुठून. दुकानच उघडलं नाही तर गल्ल्यातले पैसे जातील कसे.

तेव्हापासून कुठलाही प्रोटोकॉल असो, मी पहिलं लेमा (टूलला सिद्ध करायला दिलेलं विधान) हेच लिहितो की दोन्ही बाजू प्रामाणिक असतील तर हे एकदा तरी शेवटपर्यंत पोचतं का. नवीन प्रोटोकॉलच्या मॉडेलचं तेच लेमा काल संध्याकाळी रनला टाकलंय, अजून फिरतंय, आणि लॅबमधले बाकीचे विचारतायत सर्व्हरची रॅम कोण खातंय.