माझा अनुभव: अ‍ॅब्लेशननंतरची धडधड आणि बारा तास चुकलेला होल्टर

होल्टरचा, म्हणजे हृदयाचे ठोके टिपणाऱ्या यंत्राचा, तो रिपोर्ट मी अजून जपून ठेवलाय. कपाटात, डिस्चार्ज कार्डाच्या पिशवीत आहे. त्याच्या शेवटच्या ओळीत छापलंय, ‘पेशंटने नोंदवलेल्या तक्रारींच्या वेळी हृदयाची लय नॉर्मल.’ ही एक ओळ दुरुस्त करून घ्यायला मला १९ दिवस लागले. तेवढ्या दिवसांत घरच्यांनाही वाटायला लागलं की हिची धडधड मनातली आहे. त्या १९ दिवसांबद्दल लिहायचं म्हणून बसले आहे. अ‍ॅब्लेशन (हृदयात डागून लय सुधारण्याचा उपचार) स्वतः चांगलं झालं, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

मी कऱ्हाडची. माध्यमिक शाळेत गणित शिकवते, वय ५४. चार वर्षं एट्रियल फिब्रिलेशनचा त्रास होता. त्यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि नाडीला काही ताळमेळ राहत नाही. गोळ्यांनी भागेना तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्यात अ‍ॅब्लेशन केलं. जांघेतल्या शिरेतून नळी वर नेतात आणि फुफ्फुसांकडून डाव्या वरच्या कप्प्यात येणाऱ्या शिरांच्या तोंडाभोवती गोल डागतात, म्हणजे तिथून सुटणारे चुकार संदेश आत पोचत नाहीत. हा उपद्रव बहुतेक वेळा त्या शिरांमधूनच सुरू होतो, हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ साली दाखवून दिलं. आमच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून हे समजावलं होतं. तिसऱ्या दिवशी मी मुलाकडे वारज्याला, आठवड्याने कऱ्हाडला.

घरी आल्यावर नाडी जास्त लागायची. पूर्वी बसल्या जागी ६४-६५, आता ८४. मी घाबरले होते. नंतर कळलं की डागताना जवळचे मज्जातंतूही थोडे दुखावतात, त्यांचा लगाम सैल होतो आणि नाडी काही महिने वाढलेली राहू शकते. हे आधी कुणी सांगितलं असतं तर पहिले १० दिवस मी तासातासाला मनगट धरून बसले नसते.

अठराव्या रात्री जाग आली ती छातीतल्या फडफडीने. दोन वाजून गेले होते. नाडीवर बोट ठेवलं. दोन ठोके जवळ, मग एक लांब, मग तीन घाईघाईने. अगदी जुनीच चाल. दहा मिनिटांनी आपोआप थांबलं. मी ह्यांना उठवलं नाही. अंधारात बसून राहिले, आणि एवढा खर्च, एवढा त्रास वाया गेला असंच वाटत राहिलं.

इथे एक गोष्ट आधीच सांगते, कारण मला ती कुणी तेव्हा सांगितली नाही. अ‍ॅब्लेशननंतरच्या काळाला डॉक्टर ‘ब्लँकिंग पिरियड’ म्हणतात. डागलेली जागा सुजलेली असते, व्रण धरायचा असतो, आणि तोवर हृदय बिथरलेलं राहतं. या काळात लय परत बिघडली तरी तेवढ्यावरून उपचार फसला असं धरत नाहीत. पूर्वापार हा काळ ३ महिन्यांचा मानतात. २०२४ सालच्या आंतरराष्ट्रीय सहमतीपत्राने तो ८ आठवड्यांवर आणला. आमचे डॉक्टर ३ महिनेच धरतात. डिस्चार्ज कार्डावर जखमेची काळजी होती, गोळ्यांची वेळ होती, आहारसुद्धा होता. हे एक वाक्य नव्हतं.

सकाळी गावातल्या डॉक्टरांकडे ईसीजी काढला. नॉर्मल. पुढच्या आठवड्यात दोनदा रात्री तसंच झालं, दोन्ही वेळा सकाळचा ईसीजी नॉर्मल. पुण्याला फोन केला तर सांगितलं, होल्टर लावून घ्या. छातीला पट्ट्या चिकटवून २४ तास ठोके टिपणारं छोटं यंत्र. ते लावण्यासाठी १२ दिवसांनंतरचा नंबर मिळाला, कारण यंत्रं मोजकी आणि पेशंट भरपूर.

८ जुलैला सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी यंत्र लागलं. एक छापील कागद दिला, त्रास झाला की वेळ लिहा म्हणून. त्या रात्री वारज्याला मला २ वाजून १० मिनिटांनी जाग आली. तीच फडफड. मला अक्षरशः आनंद झाला, की सापडली एकदाची! कागदावर वेळ लिहिली. यंत्रावर त्रासाच्या क्षणी दाबायचं बटण असतं, हे मला पुढे सहा आठवड्यांनी समजलं. तुम्हाला होल्टर लावला तर पहिला प्रश्न तोच विचारा, बटण कुठे आहे. दुसऱ्या दिवशी पावणेबाराला यंत्र काढून दिलं, डिपॉझिट परत घेतलं, पावती पर्समध्ये टाकली.

१२ तारखेला रिपोर्ट आला. त्यात ती ओळ. १५ तारखेच्या ओपीडीत मुख्य डॉक्टर प्रोसीजरमध्ये होते, त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. मुलाच्या वयाचे असतील. म्हणाले, “मॅडम, तुम्ही दोन दहाला त्रास लिहिलाय, तेव्हा तुमचे ठोके एकदम शांत आहेत. सर्वांत जास्त, १४८, दुपारी दोनच्या सुमाराला, चालताना-फिरताना झालेत.” केसपेपरवर त्यांनी ‘अँग्झायटी’ लिहिलं आणि रात्री घ्यायची एक गोळी दिली. परतीच्या प्रवासात खंबाटकी घाट उतरेपर्यंत हे काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “डॉक्टरच म्हणतायत तर घेऊन बघ की.” मी चार रात्री ती गोळी घेतली.

पाचव्या दिवशी वही काढली. मुलांना शिकवताना मी नेहमी सांगते, कोष्टकावर नजर फिरवू नका, आलेख काढा. रिपोर्टमध्ये दर तासाच्या ठोक्यांचं कोष्टक होतं. आलेखाचा कागद घेतला, खाली तास, उभ्या अक्षावर ठोके. सर्वांत कमी ठोके दुपारी ३ ते ५. त्या वेळी मी सूनबाईबरोबर भाजी आणायला गेले होते. मोठा चढ सकाळी ६ वाजता. सकाळी ६ ला मी गाढ झोपेत होते. संध्याकाळी ६ ला मात्र लिफ्ट बंद म्हणून तीन मजले चढले होते. आलेख १२ तास सरकवला आणि सगळं जागच्या जागी बसलं.

मग रिपोर्टचं पहिलं पान पाहिलं. सुरुवात, ८ जुलै, २३:२०. शेवट, ९ जुलै, २३:२०. यंत्र लावताना सुरुवातीची वेळ हाताने भरतात, तिथे सकाळच्या अकराच्या जागी रात्रीचे अकरा पडले होते. ९ जुलैला रात्री सव्वाअकराला यंत्र माझ्या अंगावर असणं शक्यच नव्हतं. ते त्याच दिवशी सकाळी पावणेबाराला हॉस्पिटलच्या काउंटरवर होतं. पावतीवर वेळ होती, ११:५२.

म्हणजे माझ्या रात्री २:१० च्या तक्रारीशी त्यांनी ताडून पाहिली ती दुपारी जेवून आडवं झाल्यावरची लय. आणि दुपारचे समजून चालण्या-फिरण्याच्या खाती टाकलेले १४८ ठोके मला अंथरुणात, झोपेतून उठवणारे होते.

एवढं स्पष्ट असताना घोडं अडलं ते पुढे. फोनवर सांगितलं, “रिपोर्ट कॉम्प्युटरमधून येतो, तो चुकत नाही.” मी १६० किलोमीटर जाऊन होल्टरच्या खोलीत उभी राहिले. ज्यांनी यंत्र लावलं ते रजेवर. बदलीवरच्या मुलाने पाहिलं, त्याला पटलंही, पण सही झालेला रिपोर्ट आम्ही उघडू शकत नाही, रेकॉर्ड विभागात जा. रेकॉर्ड विभागात दुरुस्तीचा छापील अर्ज होता: नाव, वय, लिंग, पत्ता. वेळेची दुरुस्ती असा रकानाच नाही. ‘इतर’ पुढे दोन सेंटिमीटर जागा, त्यात मी बारीक अक्षरात लिहिलं. आधारची झेरॉक्स जोडा म्हणाले. ती काढून आणेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली. अडीचला अर्ज घेतला, ७ कामाचे दिवस सांगितले. मी विचारलं, या सात दिवसांत रात्री परत झालं तर? खिडकीतल्या बाईंनी वर न बघता सांगितलं, “तसं असेल तर कॅज्युअल्टीत या.”

सात कामाचे दिवस उलटले. फोन केला. अर्ज होल्टरच्या खोलीकडे पाठवलाय. होल्टरच्या खोलीत फोन केला. आमच्याकडे आला नाही. परत रेकॉर्ड. “मॅडम, पाठवल्याची नोंद आहे.” या फोनाफोनीत आणखी दिवस गेले, आणि रात्रीची फडफड तीनदा येऊन गेली. धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, “ताई, एवढा विचार करू नका, त्यानेच होतं.” त्यांनी काळजीनेच म्हटलं, पण मला ते फार लागलं. शाळेत एखादा मुलगा उत्तर बरोबर असताना पुसून टाकतो, कारण शेजारच्याचं वेगळं आलेलं असतं. मला ते पुसायचं नव्हतं.

३१ जुलैला मी अर्जाचा नाद सोडला. एका पानावर आलेख काढला. निळ्या रेघेने रिपोर्टमधल्या वेळा, लाल रेघेने १२ तास सरकवलेल्या. खाली तीन ओळी लिहिल्या, पावतीची झेरॉक्स चिकटवली. मुख्य डॉक्टरांच्या ओपीडीबाहेर सकाळी साडेआठला जाऊन बसले आणि तिथल्या सिस्टरना म्हटलं, “सिस्टर, नंबर नाहीये माझा, पण हा एक कागद फक्त वाचा.” त्यांनी उभ्याउभ्या वाचला, पावतीवरची वेळ बोटाने पाहिली आणि कागद घेऊन आत गेल्या. डॉक्टरांनी होल्टरच्या खोलीतून मूळ रेकॉर्डिंग स्वतःच्या पडद्यावर मागवलं, पट्टी पुढे-मागे करत पाहिली. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

सात मिनिटांचं एट्रियल फिब्रिलेशन होतं. संगणकाने ‘जलद लय, मधे जादा ठोके’ एवढंच म्हटलं होतं, आणि दुपारची वेळ पाहून कुणी खोलात गेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, “तुमचं बरोबर आहे. आणि हे या काळात चालतं, घाबरू नका.” चिंतेची गोळी त्यांनी बंद केली, ठोके आवरणारी मेटोप्रोलॉल ही गोळी रात्रीकडे सरकवली. लय बिघडल्याचं कागदावर सिद्ध झालं आणि मला हलकं वाटलं. जिन्यात बसून रडले थोडी.

त्यानंतर माझी वही जास्त शिस्तीची झाली. मी दोन प्रकार वेगळे लिहू लागले. एक, सुटा ठोका: एखादा ठोका वेळेआधी येतो, मग क्षणभर पोकळी, आणि पुढचा जोरात आदळतो. त्या पोकळीत हृदयात जास्त रक्त भरतं म्हणून तो आदळतो. हे दिवसाला कितीतरी वेळा व्हायचं, विशेषतः डाव्या कुशीवर झोपलं की किंवा पोटभर जेवलं की. दुसरा प्रकार फडफडीचा, जिथे पुढचा ठोका कधी येईल याचा काहीच अंदाज बांधता येत नाही. पहिल्यासाठी मी आता हातातलं काम सोडत नाही. दुसऱ्याची सुरुवात, शेवट आणि नाडी लिहून ठेवते. नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, अनियमित लयीत ते उत्तर फसवं येतं. पूर्ण मिनिट मोजा. फार जलद असेल तर काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे बीपीच्या यंत्रावरचा नाडीचा आकडाही कमी दिसू शकतो. ईसीजीच्या कागदावर ३० मोठे चौकोन म्हणजे ६ सेकंद. त्यातली उंच टोकं मोजून दहाने गुणली की झालं. मुलाच्या घड्याळात ३० सेकंदांचा ईसीजी निघतो, तोही एकदा डॉक्टरांना दाखवला, त्यांनी तो नीट पाहिला.

रक्त पातळ करणारी गोळी मात्र वहीत काहीही लिहिलेलं असो, चुकवायची नाही. धडधड थांबली म्हणून ती थांबत नाही. निदान पहिले २-३ महिने ती सगळ्यांनाच असते, आणि पुढचा निर्णय वय, बीपी, साखर वगैरे पाहून डॉक्टर घेतात.

आणखी एक, हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं. डाव्या वरच्या कप्प्याच्या अगदी मागे अन्ननलिका असते, डागताना तिलाही इजा होऊ शकते. पहिल्या दोनेक महिन्यांत ताप, गिळताना दुखणं किंवा छातीत दुखणं आलं तर ते घरगुती उपायांनी अंगावर काढू नका. ज्यांनी अ‍ॅब्लेशन केलं त्यांना लगेच फोन करा, आणि दुसरीकडे कुणी एन्डोस्कोपी सुचवली तर त्यांना आधी अ‍ॅब्लेशन झाल्याचं सांगा. अशा वेळी आधी छातीचा सीटी स्कॅन करतात. हे फार क्वचित होतं, पण झालं तर तास महत्त्वाचे असतात. हात-पाय लुळा पडणं, जीभ अडखळणं, चक्कर येऊन पडणं, यांनाही थांबायचं नाही. जांघेतला काळानिळा डाग माझा गुडघ्यापर्यंत उतरला होता, तो आपोआप गेला. पण तिथे कडक गाठ येऊन वाढत असेल तर दाबून धरा आणि निघा.

बिलांचंही सांगते. आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरचा खर्च ६० दिवसांपर्यंतच मिळतो. तीन महिन्यांनंतरचा होल्टर त्यात बसत नाही, तो पदरचा. तुमच्या पॉलिसीतले दिवस आधी पाहून ठेवा.

ऑगस्टच्या मध्यानंतर फडफड विरळ झाली. संध्याकाळी प्रीतिसंगमावर चालायला जाते. सुरुवातीला बाकावर बसत बसत, आता न थांबता. शेवटची फडफड २३ ऑगस्टची, चार मिनिटांची. सुटे ठोके आहेत अजून.

सप्टेंबरमध्ये दुसरा होल्टर लागला. खोलीत जूनपासून पाहिलेलीच गर्दी, पण या वेळी यंत्र लावणारी मुलगी नवीन होती. पट्ट्या चिकटवून झाल्यावर मी तिला म्हटलं, सुरुवातीची वेळ मला बघायची आहे. तिने काही न विचारता पडदा माझ्याकडे वळवला. सकाळचे १०:४५. मी भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, वहीत लिहिलं, मग तिने यंत्राचं बटण दाखवलं आणि एकदा माझ्याच हाताने दाबून घेतलं. चार दिवसांनी रिपोर्ट आला. २४ तासांत २१२ सुटे ठोके, फिब्रिलेशन नाही. सर्वांत कमी ठोके पहाटे ४ ला, मी झोपेत असताना.